बारा की चौदा : एका ग्राफिक्स कार्डाच्या फ्लॅशिंगचे प्रकरण

२०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस कोपरखैरण्यात राहणारा एक तरुण ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला आला आणि नौपाड्यातील माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर त्याने आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले एक ग्राफिक्स कार्ड ठेवले. “काका, फ्लॅश करताना लाईट गेली, तेव्हापासून डिस्प्लेच येत नाही,” एवढीच त्याची तक्रार होती. फ्लॅश करणे म्हणजे कार्डावरचा बायोस, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सूचनांची फाइल, नव्याने लिहिणे. तक्रार खरी होती, पण ती प्रकरणाचे शेवटचे पान होती. लाईट गेल्यामुळे बंद पडलेले ते कार्ड त्याच दुपारी दोन तासांच्या कामानंतर पुन्हा सुरू झाले. त्याआधीचे पाच आठवडे मात्र ते उत्तम चालले आहे असे घरात सगळ्यांना वाटत होते, आणि जे नुकसान व्हायचे ते त्या पाच आठवड्यांतच होऊन गेले होते. बायोस बदलण्याच्या धोक्यांविषयी विचारणारे लोक बहुधा ‘कार्ड कायमचे मेले तर?’ एवढेच विचारतात, म्हणून हे प्रकरण क्रमाने आणि थोडे सविस्तर लिहून ठेवत आहे. तरुणाची परवानगी घेतली आहे. त्याचे नाव आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम गाळले आहे. कंपनीची यात काही चूक नव्हती.

तरुणाचा व्यवसाय लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचा आहे. वाशी, नेरूळ आणि ऐरोली भागातले दोन-तीन फोटोग्राफर त्याला चित्रीकरण आणून देतात आणि तो घरच्या मशीनवर फिल्म बांधून देतो. मशीन साधेच : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). मार्च महिन्यात त्याने ९५०० रुपयांना रेडिऑन आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड सेकंडहँड घेतले; त्यातले चार हजार आईच्या भिशीचे होते. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून नाणी मिळवण्याची, पद्धतच सोडून दिल्यानंतर मायनिंगच्या रॅकवरून उतरलेली कार्डे बाजारात ढिगाने आली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार चकरा मारणाऱ्याला ती सहज मिळू लागली. हे कार्डही त्यांपैकीच असावे, कारण पुढे ते उघडले तेव्हा मेमरीवरचे, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड तेल सुटून पापडासारखे चपटे झालेले दिसले.

हे विशिष्ट मॉडेल फ्लॅशिंगच्या वाटेला का जाते, हे समजण्यासाठी त्याचा जन्म पाहावा लागतो. रेडिऑन चिप बनवणाऱ्या एएमडीने ते जानेवारी २०२० मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात जाहीर केले तेव्हा गेम क्लॉक (खेळताना चिपचा नेहमीचा वेग) १३७५ मेगाहर्ट्झ, बूस्ट क्लॉक (कमाल वेग) १५६० मेगाहर्ट्झ आणि मेमरीचा वेग १२ जीबीपीएस (मेमरीच्या एका तारेवरून सेकंदाला तितके गिगाबिट) असे आकडे दिले होते. त्यानंतर प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने आपल्या आरटीएक्स २०६० या कार्डाची किंमत खाली आणली, आणि २१ जानेवारीला कार्ड विक्रीला येण्याच्या जेमतेम काही दिवस आधी एएमडीने भागीदार कंपन्यांच्या हाती नवा बायोस दिला, ज्यात गेम क्लॉक १६१५, बूस्ट क्लॉक १७५० आणि मेमरी १४ जीबीपीएसपर्यंत नेलेली होती. तोवर बरीच कार्डे खोक्यात भरून निघालीही होती. काही कंपन्यांनी आपली मॉडेले नव्या वेगावर आणली. काहींनी महाग मॉडेले चौदावर नेऊन स्वस्त मॉडेले बारावरच ठेवली. आणि एका मोठ्या कंपनीने तर उघडपणे सांगितले की प्रत्येक कार्डावरची मेमरी चौदाला टिकेलच अशी हमी देता येत नाही. परिणाम असा झाला की एकाच नावाने, एकाच सिलिकॉनवर, बाराची आणि चौदाची अशी दोन प्रकारची कार्डे बाजारात आली, आणि बाराचे कार्ड घेणाऱ्याला आपल्या हातात अर्धीच वस्तू दिली गेली असे वाटू लागले.

कागदावरचा फरक लहान नाही. कार्डावर मेमरीच्या सहा चिप असतात, प्रत्येकीची वाट ३२ बिटांची, म्हणून एकूण रुंदी १९२ बिट. बाराच्या वेगाने दर सेकंदाला २८८ जीबी माहिती येऊ-जाऊ शकते, चौदाच्या वेगाने ३३६ जीबी. म्हणजे नेमकी एक षष्ठांश वाढ, आणि तीही एक पैसा न घालता. शिवाय अशा फुकटच्या लाभाचा इतिहासही आहे. २०१० च्या अखेरीस आलेल्या रेडिऑन एचडी ६९५० च्या सुरुवातीच्या कार्डांवर ६९७० चा बायोस चढवला की बंद ठेवलेले शेडर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक) खुले होऊन १४०८ चे १५३६ होत. २०१६ च्या जूनमध्ये आलेल्या आरएक्स ४८० च्या पहिल्या खेपेतील ४ जीबीच्या काही कार्डांवर प्रत्यक्षात ८ जीबी मेमरी बसवलेली होती आणि बायोस बदलताच ती दिसू लागे. तरुणाला या दोन्ही गोष्टी ऐकून माहीत होत्या आणि त्याचे म्हणणे होते, “कंपनीने कुलूप घातलंय, आपण फक्त उघडतोय.” त्या दोन्ही प्रसंगी कुलपाच्या आत खरोखरच माल होता. ५६०० एक्सटीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बारा हा आकडा म्हणजे त्या बोर्डाची आखणी, त्यावरचे पॅड, त्यावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि त्या खेपेच्या मेमरी चिप पाहून कंपनीने स्वतःला परवडेल असा ठरवलेला आकडा होता. त्यात थोडा हात राखलेला असतोच, पण किती राखलेला आहे हे कार्डागणिक बदलते.

येथे बायोस म्हणजे नेमके काय, हे सांगणे भाग आहे. ग्राफिक्स कार्डाच्या बोर्डावर आठ पायांची, मसुराच्या दाण्याहून किंचित मोठी अशी एक फ्लॅश चिप असते आणि कार्डाचे सगळे दप्तर तिच्यात असते. कोणत्या भाराला किती क्लॉक आणि किती व्होल्टेज द्यायचे, एकूण किती वॅट खेचू द्यायचे, पंखा कोणत्या तापमानाला सुरू करायचा, कोणत्या कंपनीची मेमरी असल्यास तिला कोणत्या टायमिंगने हाकायचे, आणि मागच्या बाजूला असलेले कोणते पोर्ट कोणत्या वाहिनीला जोडलेले आहेत, हे सगळे त्यात लिहिलेले असते. हे दप्तर त्या एका बोर्डासाठी लिहिलेले असते. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचा बायोस चढवणारा माणूस केवळ ‘१४’ हा आकडा घेत नाही; त्या आकड्याबरोबर परक्या पंख्याची, परक्या पोर्टांची आणि परक्या मेमरीची सगळी पाने घरात येतात.

एप्रिलच्या मध्याला, रात्री साडेअकराच्या सुमारास, तरुणाने हे काम केले. निवडलेला बायोस दुसऱ्या एका कंपनीच्या, आकाराने मोठ्या आणि भक्कम हीटसिंक असलेल्या ५६०० एक्सटीचा होता. त्याच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे : फ्लॅश करण्याआधी त्याने आपल्या कार्डाचा मूळ बायोस वाचून जतन केला होता. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सातांनी ते केलेले नसते. मात्र ही प्रत त्याने त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर ठेवली, आणि हे मशीन असे की त्यातील रायझन ५ ३६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नाही. कार्ड मेले तर पडदाही मेला आणि प्रतही पडद्यामागे गेली. कार्डावर दोन बायोस आणि त्यांत अदलाबदल करणारे छोटे बटण असलेली मॉडेले मिळतात. हे त्यांतले नव्हते.

त्या रात्री एएमडीव्हीबीफ्लॅश या प्रोग्रॅमने त्याला अडवले होते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. पडद्यावर संदेश आला की फाइलमधील सबसिस्टिम आयडी आणि कार्डाचा आयडी जुळत नाही. याचा सरळ अर्थ ‘ही फाइल या बोर्डाची नाही’ असा होतो. प्रोग्रॅमला हा नकार बाजूला सारायला लावणारा जबरदस्तीचा पर्याय आहे. आदेशात ‘-एफ’ हे एक अक्षर वाढवले की काम होते. त्याने ते वाढवले. मी विचारले, “संदेश वाचला होतास ना?” तो म्हणाला, “वाचला काका, पण सगळेच एफ लावतात.” पाऊण मिनिटात लेखन पूर्ण झाले, मशीन पुन्हा सुरू झाले, पडदा आला, आणि मेमरीच्या रकान्यात १५०० च्या जागी १७५० हा आकडा दिसू लागला. (जीडीडीआर६, म्हणजे या कार्डावरच्या प्रकारच्या मेमरीचा हा आकडा आठने गुणून हजाराने भागला की जीबीपीएसमधला वेग मिळतो, म्हणजे १५०० म्हणजे बारा आणि १७५० म्हणजे चौदा.) विंडोजच्या ड्रायव्हरनेही कुरकुर केली नाही, कारण फाइल कंपनीने बनवलेली, हातफेर न केलेली आणि डिजिटल सही शाबूत असलेली होती. एनव्हिडियाच्या २०१४ नंतरच्या पिढ्यांत ही सहीची तपासणी आणखी कडक आहे, आणि म्हणून सही जुळली की सगळे जुळले असा समज अनेकांच्या मनात बसला आहे. सही फाइल अस्सल असल्याचे सांगते. फाइल आणि बोर्ड यांची गाठ पडलेली आहे की नाही, याचा सहीशी संबंध नसतो.

पुढचे पाच आठवडे कार्डाने चार खुणा दिल्या, आणि त्यांपैकी एकही त्याला धोक्याची वाटली नाही. पहिली खूण पोर्टाची. फ्लॅशनंतर दोन दिवसांनी त्याने दुसरा मॉनिटर लावायला घेतला तर मधला डिस्प्लेपोर्ट मुका. उसन्या बायोसमधील पोर्टांची जोडणी या बोर्डाशी जुळत नव्हती. पण पहिला पडदा व्यवस्थित चालू असल्याने दोष केबलवर गेला आणि वाशीहून ४५० रुपयांची नवी केबल आली. नव्या केबलनेही काही झाले नाही, तेव्हा दुसऱ्या मॉनिटरचा नाद त्याने सोडून दिला. दुसरी खूण त्याला चक्क आवडली : कार्ड पूर्वीपेक्षा शांत झाले. ज्या कार्डाचा बायोस घेतला त्याचा हीटसिंक मोठा असल्याने त्याचे पंखे उशिरा सुरू होत आणि हळू फिरत. ते वेळापत्रक आता लहान हीटसिंकच्या, पॅड चपटे झालेल्या कार्डाला लागू झाले होते आणि तेही मे महिन्याच्या तोंडावर, पंख्याखाली चौतीस अंश असलेल्या खोलीत. मुख्य चिपचे तापमान फारसे वाढले नाही, म्हणून त्याने पाहिलेल्या एकमेव रकान्यात सगळे ठीक होते. मेमरीचे तापमान दाखवणारा रकाना त्याच पडद्यावर दोन ओळी खाली होता.

तिसरी खूण बेंचमार्कची, आणि ती समजायला थोडी अवघड आहे. पहिल्या फेरीत गुण वाढले, त्याचा स्क्रीनशॉट त्याने मित्रांना पाठवला. लागोपाठ चौथ्या फेरीत गुण पहिल्या फेरीपेक्षा कमी भरले, आणि ते ‘गरम झालं असेल’ म्हणून सोडून देण्यात आले. जीडीडीआर६ मेमरीत वाटेत बिघडलेली माहिती ओळखण्याची सोय असते. चूक पकडली गेली की तोच मजकूर पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे मेमरी तिच्या ताकदीबाहेर पळवली तर आधी चित्र बिघडत नाही, आधी वेग घटतो, कारण तीच वाट दोनदा चालावी लागते. वाढवलेल्या वेगाने कमी काम होऊ लागले, तर मेमरी थकली आहे असे समजावे. याच्याही पुढे रेटले की मग जी चूक पकडली जात नाही ती चित्रात उतरते.

चौथी खूण नेरूळच्या एका लग्नात उतरली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेचाळीस मिनिटांची फिल्म तयार होऊन नवऱ्यामुलाच्या घरी गेली. तीन दिवसांनी नवरीच्या वहिनीने स्टेटसला ठेवण्यासाठी अंतरपाट दूर होण्याचा क्षण मोबाईलवर थांबवला, आणि तिला नवरीच्या मुंडावळ्यांपासून भटजींच्या खांद्यापर्यंत हिरव्या-जांभळ्या चौकोनांची एक तिरकी पट्टी दिसली. फिल्म सेकंदाला पंचवीस फ्रेमची. बिघडलेल्या फ्रेम चार. म्हणजे चालू फिल्ममध्ये तो दोष सेकंदाच्या सहाव्या भागाइतका, पापणी लवण्याइतका. तरुणाने तो तपासताना पाहिला नाही यात त्याचा फार दोष नाही. पण फोटोग्राफरला फोन गेला, फोटोग्राफरने त्याला फोन केला, आणि मग शोधताना आणखी तीन ठिकाणी असेच चौकोन सापडले. तीन आठवड्यांत त्याने खेळलेल्या खेळांतही असे ठिपके नक्कीच उमटले असतील. फरक इतकाच की खेळातला चुकलेला ठिपका पुढच्या फ्रेमला पुसला जातो आणि एक्स्पोर्ट केलेल्या फिल्ममधला जन्मभर राहतो. ‘दहा तास गेम खेळून पाहिलं, काही झालं नाही’ हा स्थिरतेचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. पैसे घेऊन ज्याचे काम करायचे त्याच्यासाठी तो पुरावा पुरेसा नाही.

फोटोग्राफरने फिल्म पुन्हा मागितली आणि ठरलेल्या रकमेतून पाच हजार रुपये वळते केले. आता तरुणाने योग्य निर्णय घेतला : मूळ बायोस परत चढवायचा. वेळ मात्र त्याने संध्याकाळची निवडली. वळवाच्या पावसाआधीचा वारा सुटला होता, घरात यूपीएस नव्हता, आणि लेखन सुरू झाल्यावर काही सेकंदांतच सोसायटीची लाईट गेली. वीस मिनिटांनी ती आली तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच राहिला. त्याच्या आईने मला फोनवर विचारले, “भाऊ, लाईटमुळे झालं म्हणजे त्याची काही चूक नाही ना?” मी हो म्हटले. त्या क्षणी तेच बरे वाटले.

दुरुस्तीचा भाग सांगण्यासारखा आहे, कारण ‘कार्ड विटेसारखे झाले’ असे म्हणून लोक ते भंगारात देतात. आधी मी त्याच्या मशीनच्या ड्राइव्हवरून जतन केलेली मूळ फाइल काढून घेतली आणि ती कार्डाच्या मागच्या स्टिकरवरील मॉडेलशी व बोर्डावरील मेमरी चिपच्या नावाशी ताडून पाहिली. सेकंडहँड कार्डात हे टाळू नये. मायनिंग करणारे लोक टायमिंग बदललेला बायोस चढवतात, आणि मग नव्या मालकाने प्रामाणिकपणे जतन केलेली ‘मूळ’ प्रतही मूळ नसते. या कार्डाची प्रत सुदैवाने कंपनीचीच होती. त्यानंतर मागची पट्टी उघडून फ्लॅश चिप शोधली, भिंगाखाली तिच्यावरचा क्रमांक वाचला आणि ती किती व्होल्टची आहे हे पाहिले. ३.३ व्होल्टची आणि १.८ व्होल्टची चिप बाहेरून सारखीच दिसते, आणि १.८ च्या चिपला ३.३ दिले तर वाचवायला आलेला माणूसच तिला मारतो. बाजारात स्वस्तात मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप बाहेरून वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) तर काही पायांवर पाच व्होल्ट सोडतो, म्हणून माझ्याकडचा मी तारा बदलून ३.३ वर आणलेला आहे. आमची चिप ३.३ ची निघाली.

आठ पायांवर क्लिप बसवली, चिप दोनदा वाचली आणि दोन्ही वाचने सारखी असल्याची खात्री केली. क्लिप एका पायावर जरी निसटती बसली तरी वाचन बदलते. मग आतला मजकूर पडद्यावर उलगडून पाहिला. वरच्या भागात कंपनीचे नाव, तारीख, आकड्यांच्या भरगच्च ओळी. एका ठिकाणी ओळ मध्येच तुटलेली. आणि त्याखाली अखेरपर्यंत नुसते एफएफ, एफएफ, एफएफ. पुसलेल्या फ्लॅश चिपचा प्रत्येक कप्पा असाच वाचला जातो. लाईट नेमकी कुठल्या ओळीला गेली ते बोट ठेवून दाखवता येत होते. तरुण बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. मूळ फाइल लिहायला आणि पडताळायला काही मिनिटे लागली, कार्ड मशीनमध्ये बसवले, आणि डिस्प्ले आला. सगळ्यांचे असे होत नाही : काही कार्डांवरील चिपला बाहेर आलेले पायच नसतात, तेव्हा क्लिप उपयोगाची नसते आणि चिप गरम हवेने उतरवावी लागते, काही वेळा मूळ प्रत कुठेच मिळत नाही.

दुरुस्ती इथे संपली असती, पण मला त्या चौकोनांचे कारण पक्के करायचे होते आणि तरुणाची तयारी होती. बायोसला हात न लावता, मोअरपॉवरटूल या प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत मर्यादा वाढवून मेमरी पायरीपायरीने चढवली आणि ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅममधील मेमरीची चाचणी लावली. १५०० वर तासभरात एकही चूक नाही. १६०० वर तासभरात एकही चूक नाही. १७५० वर सहाव्या मिनिटाला, मेमरीचे तापमान ९६ अंशांच्या पुढे गेल्यावर, चुका मोजल्या जाऊ लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. उघड्या कॅबिनेटसमोर टेबलफॅन ठेवला तेव्हा त्या विसाव्या मिनिटाला आल्या. सगळे थर्मल पॅड बदलून पुन्हा पाहिले तेव्हा तापमान ८४ च्या आसपास थांबले, पण पस्तिसाव्या मिनिटाला चुका तरीही आल्याच. म्हणजे उष्णतेने दोष लवकर बाहेर आणला होता, तिने तो निर्माण केलेला नव्हता. हा बोर्ड आणि त्यावरच्या या सहा चिप चौदाला टिकत नव्हत्या, आणि बाराचा आकडा त्यांच्यापुरता बरोबर होता. शेजारच्या दुकानात याच मॉडेलचे दुसरे एखादे कार्ड चौदाला वर्षभर बिनचूक चालत असेलही. त्यावरून या कार्डाबद्दल काही ठरत नाही. विजेची बाजू लवकर निकालात काढता आली : आठ पिनांचा एक जोड १५० वॅट आणि स्लॉट ७५ वॅट देतो, त्या मर्यादेच्या हे कार्ड बरेच आत होते.

मिळाले किती, हेही आम्ही मोजले. त्याच्या आवडत्या खेळात सरासरी ७१ फ्रेमच्या ७६ झाल्या होत्या. बेचाळीस मिनिटांच्या फिल्मचे एक्स्पोर्ट ३३ मिनिटांवरून ३१ मिनिटांवर आले होते. ज्या कामासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला त्या कामात मेमरीचा वेग हा अडसर नव्हताच. कॅमेऱ्याच्या फाइल उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडत होता आणि अखेरची फाइल बांधण्याचे काम कार्डातील वेगळा, ठरीव भाग करत होता, ज्याला बारा काय नि चौदा काय. एक्स्पोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा आलेख पाहिला असता तर हे फ्लॅश करण्याआधीच कळले असते. सोळा जीबी रॅमच्या जागी बत्तीस टाकली असती तर त्याचे काम अधिक हलके झाले असते, असे माझे मत आहे आणि ते मी त्याला सांगितलेही.

एक प्रश्न त्याने जरा दबक्या आवाजात विचारला. कार्डाच्या सिरियल नंबरवर वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते. काळे पडलेले कार्ड सर्व्हिस सेंटरला ‘आपोआप बंद पडलं’ म्हणून दिले असते तर? तसे देणारे लोक आहेत. चिप वाचली की अर्धी लिहिलेली फाइल दिसते, तेव्हा पकडले जाण्याची शक्यता बरीच असते. पण न पकडले जाणेही मला पसंत नाही, कारण अशा खोट्या दाव्यांमुळेच काउंटरवरचा माणूस पुढच्या खऱ्या तक्रारदाराकडे संशयाने पाहतो. तो गप्प बसला आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपला.

आता ते कार्ड मूळ बायोसवर, ड्रायव्हरमधल्या वेग कमी-जास्त करण्याच्या सरकपट्टीने मेमरी १५५० वर ठेवलेले चालू आहे. १६०० ला चाचणी उत्तीर्ण झाली होती, तरी पन्नासचा हात मी राखायला लावला. ड्रायव्हरची ही सरकपट्टी फसली तर मशीन पुन्हा सुरू होताना ती मूळ जागी येते. चिपवर काहीच लिहिले जात नाही. मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर घालून तो कॅबिनेटच्या आत चिकटपट्टीने लावून दिला आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहिला. पॅडसकट माझे बिल १४०० रुपये झाले. नेरूळची फिल्म त्याने नव्याने एक्स्पोर्ट केली आणि अंतरपाटाचा भाग फ्रेमगणिक पाहून मगच पाठवली. मूळ बायोस येताच मधला डिस्प्लेपोर्टही बोलू लागला आणि त्यावर जुनी केबल बिनतक्रार चालली. तेव्हा ४५० रुपयांची नवी केबल तो वाशीच्या दुकानात परत करायला घेऊन गेला, पण पाकीट फोडलेले असल्याने दुकानदाराने ती घेतली नाही.